कडेच्या कुंड्या

"कडेच्यांकडेही बघत चला, ताई," माळीकाका म्हणाले होते, तेव्हा ती तेविसावी कुंडी वजनकाट्यावर ठेवत होती. मान न वळवताच तिने उत्तर दिलं होतं, "त्यांची नोंद घ्यायची नसते, काका."

"नोंद नका घेऊ. नुसतं बघा."

"बरं," ती म्हणाली होती, आणि तिने चोविसावी कुंडी उचलली होती.

त्याला आज बारा दिवस झाले. आज तिच्या हातात पुन्हा तीच तेविसावी कुंडी होती, फक्त आता ती निम्म्याहून हलकी झाली होती. काट्यावरचा लाल आकडा थरथरला, स्थिरावला. तिने तो वहीत उतरवला, कुंडी जागेवर ठेवली, हाताची माती ॲप्रनला पुसली आणि खिशातून मोबाईल काढला. साडेनऊ. घरून आठचा फोटो आला होता, त्यानंतरचा दहाला येणार होता. अजून अर्धा तास. हे तिला पाठ होतं, तरी तिने स्क्रीन खाली ओढून एकदा पाहिलंच.

"आलं का पत्र?" माळीकाकांनी नळी गुंडाळता गुंडाळता विचारलं.

"दहाला येतं."

"मग साडेनऊला काय बघता? पोस्टमनलाही जरा दम खाऊ द्या."

ती हसली नाही, पण फोन खिशात टाकला.

हरितगृहातली हवा सकाळपासूनच अंगाला चिकटत होती. बाहेर आठवडाभर उन्हाने नुसता कहर मांडला होता. रस्त्यावरचं डांबर चपलांना धरून ठेवत होतं, दुकानं दुपारी अर्धी शटरं ओढून बसत होती. म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांनी काय काळजी घ्यावी, हे वर्तमानपत्रात दोन चौकटींत छापून आलं होतं. लहान मुलांची चौकट तिने कापून फ्रीजवर चिकटवली होती. शेजारची चौकट कात्रीखाली अर्धी गेली.

तिचं बाळ आठ महिन्यांचं होतं. आणि आज, नेमकं आजच, तिला सुट्टी घेता येत नव्हती.

कारण बाकड्यावर सतरा नंबर उभी होती.

बाकड्यावरची सगळी रोपं पिटुनियाची. त्यांची एक पणजी बागेतली: बशीएवढ्या फुलांची, कुंडीतून ओसंडून खाली लोंबणारी, आणि दुपारचं ऊन लागलं की भिजलेल्या कागदासारखी गळून पडणारी. दुसरी पणजी रानटी, खडकाळ माळावरची. तिच्या फुलांना सदऱ्याची बटणं म्हटली तरी चाललं असतं, पण महिनाभर पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी ती हूं की चूं करत नसे. या दोघींचं लग्न लावून तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं लावत आली होती. प्रत्येक रोपाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा कापायचा आणि रानटी पणजीकडचं ते एक जनुक त्यात उतरलंय का ते तपासायचं. पानांवर डोळ्यांना न दिसणारी हजारो तोंडं असतात. ऊन चढायच्या आत ती मिटून घ्यायची आणि आतलं पाणी आतच धरून ठेवायचं, एवढंच त्या जनुकाचं काम. पण ते नुसतं असून भागत नाही. काहींमध्ये ते असूनही झोपलेलं असे. काहींमध्ये जागं होई, पण सोबत पणजीची बटणंही घेऊन येई. घरात सोन्यासारखा गुण आला तरी एकटा येत नाही, आपलं सगळं बोचकं घेऊनच येतो, असं ती नवऱ्याला म्हणाली होती. नवऱ्याला वाटलं होतं, ती त्याच्या घराण्याबद्दल बोलतेय.

सतरा नंबरमध्ये मात्र दोन्ही जमलं होतं. बशीएवढी जांभळी फुलं, आणि बारा दिवसांच्या ताणानंतरही ताठ मान. दहा निवडक संतती, प्रत्येकीच्या चार कुंड्या, अशा चाळीस कुंड्या बाकड्यावर होत्या. कुठली कुठे ठेवायची ते संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे कुणाला लाडाची जागा मिळाली असं व्हायला नको. नऊ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ वजन करून प्रत्येकीला ग्रॅमच्या हिशेबाने सारखंच तुटपुंजं पाणी दिलं. शेवटचे तीन दिवस तेही बंद. आज अकरा वाजता वरची सावलीची जाळी काढायची, दोन तास उघडं ऊन द्यायचं, आणि एक वाजता विभागातल्या मॅडम येऊन फोटो घेणार होत्या. तो फोटो आणि अहवाल रोपांच्या कंपनीकडे जायचा होता. कंपनी हो म्हणाली तर काम पुढे चालणार, नाही म्हणाली तर थांबणार. तिची नेमणूकसुद्धा सतरा नंबरच्याच कुंडीत लावलेली आहे, असं मॅडम एकदा चहा पिताना हसत म्हणाल्या होत्या. ती पण हसली होती, जरा उशिरा.

या चाळीस कुंड्यांच्या चारही बाजूंनी आणखी तीस कुंड्या होत्या. त्या कडेच्या. बाकड्याच्या टोकाला ऊन तिरपं लागतं, वारं जास्त लागतं, म्हणून तिथे कधीच परीक्षेतलं रोप ठेवत नाहीत. दुसरं काहीतरी ठेवतात, जे ऊनवारा अंगावर घेईल. इथे ठेवायचे 'जुना लाल'. ही कुठून आलेली जात आहे, कुणी तयार केली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडम इथे लागल्या तेव्हापासून ती होती. तिच्यावर कुणी प्रबंध लिहिला नव्हता, तिचं पान कापून आत काय आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. काहीही सोसते, म्हणून कडेला लावायची. तिला वजन नाही, वहीत रकाना नाही. पाणी झारीने, अंदाजाने. आणि शेवटचे तीन दिवस 'सगळ्यांना सारखं' म्हणून तेही बंद, हे तिनेच माळीकाकांना सांगितलं होतं.

दहा वाजून दोन मिनिटांनी फोटो आला.

घरच्या वहीचं पान. तिनेच आखून दिलेलं: वेळ, दूध, पाणी, लंगोट, अंगाचं तापमान. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि आकडे वाचले. दूध नव्वद. पाणी तीस. तापमान बरोबर. मग फोटोच्या चारही कडा कापून नुसता तक्ता ठेवला आणि 'बाळ' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. कडेला आत्यांचा अंगठा, टेबलाचं लाकूड, काय काय येत असे. तसलं काही राहिलेलं तिला आवडत नसे.

तिने फोन लावला.

"काय करतेय?"

"ठमाबाई? स्वतःचा पाय तोंडात घालून बसल्यात. चव आवडलीय बहुतेक."

"दूध शंभर पाहिजे होतं, आत्या."

"दहा तिने अंगावर ओतून घेतलं. ते कुठल्या रकान्यात लिहू?"

तिला हसू आलं. "चादर ओली करताय ना खिडकीवरची?"

"दर तासाला. तू फ्रीजवर चिकटवलंयस ते मला आता तोंडपाठ झालंय. म्हणून दाखवू?"

"रडली का?"

"नाही गं. रडते कसली. माझ्यावर गेलीय." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "तू खाल्लंस का काही?"

"हो, हो. ठेवते, आत्या. बाराचा फोटो विसरू नका."

आत्या म्हणजे नवऱ्याच्या आत्या. वय अडुसष्ट. नवऱ्याच्या घराण्यात प्रत्येकाला काही ना काही होतं: कुणाला अर्धशिशी, कुणाला उन्हाचा त्रास, कुणाला नुसतंच 'कसंतरी'. आत्या तेवढ्या लोखंडाच्या. बाळ तीन महिन्यांचं असताना त्या एक पिशवी घेऊन आल्या आणि पाळण्याशेजारी पथारी टाकून राहिल्या. रक्तदाबाची एक गोळी सकाळी घ्यायची, एवढंच काय ते त्यांचं औषधपाणी. काल रात्री दौऱ्यावर निघताना नवऱ्याने दारातून विचारलं होतं, "झेपेल ना गं तुम्हाला?" तेव्हा ती बाळाला ऊन लागेल याबद्दल बोलायला लागली, आणि तो म्हणाला, "आत्या आहे ना. आत्याला काय होतंय."

"तुमच्या आत्यांचं एक पान कापून तपासायला पाहिजे," ती म्हणाली होती. "त्यांच्याकडे कुठलं जनुक आहे बघू तरी."

"काप की," आत्या आतून म्हणाल्या. "उरलेलं भाजीला होईल."

अडचण एकच होती. खिडकीवरच्या पडद्याचा दांडा काल संध्याकाळी भिंतीतून निखळून पडला होता, आणि सुतार उद्या येणार होता. पाळणा दुसऱ्या खोलीत नेला तर तिथे छत तापतं. ओली चादर बांधली, पण ती खिडकीला पुरी पडेना, आणि वरच्या बाजूने उन्हाचा एक लांबट पट्टा थेट पाळण्यावर येत होता. सकाळी सात वाजता ती त्या पट्ट्याकडे बघत उभी राहिली होती, दारात, खांद्याला पिशवी लावून, निघवत नसलेली.

"जा तू," आत्या म्हणाल्या होत्या. खुर्ची उचलून त्यांनी खिडकी आणि पाळणा यांच्यामध्ये ठेवली आणि उन्हाकडे पाठ करून बसल्या. पट्टा त्यांच्या पाठीवर पडला. पाळणा सावलीत आला. "एवढा देह दिलाय तो कशाला? एका पाळण्यापुरता पडदा सहज होतो."

तिला इतकं हायसं वाटलं होतं, की तिने जाता जाता पंख्याची मान पाळण्याकडे वळवून पक्की केली आणि जवळजवळ पळतच जिना उतरली. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहायच्या. त्यांच्याकडे वरच्या घराची जादा किल्ली असे. कानाने अधू, त्यामुळे त्यांना फोन करून उपयोग नव्हता. पण मेसेज पाठवला की पाचव्या सेकंदाला वाचलेला असायचा, आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करून परत यायचा. तिने त्यांच्या उघड्या दारातून हाताने खूण केली होती: वर बाळ आहे, लक्ष असू द्या. बाईंनी मान हलवली होती.

अकराला माळीकाकांनी दोर ओढला आणि सावलीची जाळी सरसरत बाजूला गेली. ऊन बाकड्यावर एकदम ओतल्यासारखं पडलं. त्या उन्हात चाळीस कुंड्या चाळीस माणसांसारख्या उभ्या राहिल्या. अर्ध्या तासात तीन नंबरने मान टाकली, मग नऊने, मग अकराच्या चारही कुंड्यांनी एकजुटीने. ती पाच-पाच मिनिटांनी फेरी मारून गुण देत होती: ताठ असेल तर पाच, पार झोपली तर शून्य. सतरा नंबरला पाच. पुन्हा पाच. पुन्हा पाच. तिच्या छातीतली धडधड तिला पेन्सिलीतून जाणवत होती.

"खरंच पोलादी आहे हो ही," तिच्या तोंडून निघून गेलं.

माळीकाका पलीकडच्या बाजूला, बाकड्याच्या दक्षिण टोकाशी उकिडवे बसले होते. बोटाने काहीतरी चाचपून बघत होते.

बारा वाजून गेले. फोटो आला नाही. बारा दहा. तिने फेरी अर्धी सोडून फोन काढला, ठेवला, काढला. लंगोट बदलत असतील. दूध देत असतील. ठमी झोपली असेल आणि फोनच्या आवाजाने उठेल. ती स्वतःला एकामागून एक कारणं देत होती, आणि त्यातलं एकही तिला पटत नव्हतं. बारा एकवीसला फोन थरथरला आणि फोटो उघडला.

दूध शंभर. पाणी चाळीस. लंगोट ओला. तापमान बरोबर. सगळं बरोबर.

तिने डोळे मिटून एक श्वास सोडला. अक्षर जरा वेडंवाकडं होतं. एका हातावर पोर घेऊन दुसऱ्या हाताने लिहिलं की व्हायचंच, असं तिला वाटलं. कडा कापून तिने फोटो फोल्डरमध्ये टाकला.

"ताई," माळीकाकांनी हाक मारली. "सतराची एक बघा इकडे."

सतराच्या तीन कुंड्या बाकड्याच्या मध्यावर होत्या. चौथीला चिठ्ठीत दक्षिणेकडची शेवटची ओळ मिळाली होती, कडेला खेटून. दहा मिनिटांपूर्वी तिला पाच गुण दिले होते. आता तिची शेंड्याची पानं किंचित मऊ पडून बाहेरच्या बाजूला झुकली होती. ती बघत असतानाच एक जांभळं फूल हळूच उलटं झालं.

"हे कसं शक्य आहे," ती म्हणाली. "जनुक चौघींमध्ये तेच आहे. मी स्वतः तपासलंय."

"जनुकाचं मला माहीत नाही. कुंडीला हात लावून बघा."

तिने हात लावला आणि झटकन काढून घेतला. काळ्या प्लॅस्टिकची दक्षिणेकडची बाजू तव्यासारखी तापली होती. आत मुळं शिजत असणार.

"इथे ऊन कसं पोचलं? मधे कडेच्या आहेत ना?"

माळीकाकांनी एक कडेची कुंडी उचलून तिच्या हातात दिली. कुंडी इतकी हलकी होती, की तिचा हात आपोआप वर गेला. वरची लाल फुलं जागच्या जागी होती. पानंही देठावर होती. तिने एका पानाला बोट लावलं आणि त्याचा चुरा झाला. उरलेली पानं आतल्या बाजूला गुंडाळून काडीएवढी झाली होती. त्यांच्या मधल्या फटींतून ऊन आरपार सतराच्या कुंडीवर पडत होतं. दक्षिणेकडची अख्खी ओळ तशीच होती: उभी, लाल, आणि वाळलेली.

"जुना लाल मान टाकत नाही," माळीकाका म्हणाले. "जागेवर वाळतो. लांबून बघितलं तर कळत नाही."

"कधी गेली?"

"कालच. परवापासून पानं वळत होती."

"मग मला सांगितलं का नाही, काका?"

माळीकाकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे तिला जास्त वाईट वाटलं. "सांगितलं होतं," ते म्हणाले.

कुंडी अजून तिच्या हातात होती. ती वजनकाट्यापर्यंत गेली आणि तिने ती काट्यावर ठेवली. बारा दिवसांत पहिल्यांदाच कडेची कुंडी त्या काट्यावर चढली होती. आकडा थरथरला नाही, लगेच थांबला. कुंडी, कोरडी माती आणि काडी. पाण्याचा वाटा काहीच नाही. कुठल्या रकान्यात लिहायचं ते तिला सुचलं नाही, म्हणून तिने तो समासात लिहिला.

बारा दिवस सतरा नंबर ताठ उभी होती. त्यातलं तिचं स्वतःचं किती, आणि या कडेच्यांचं किती?

"काय गं, चेहरा का पडलाय?" मॅडम वेळेआधीच आल्या होत्या, डोक्यावर टोपी, हातात कॅमेरा. त्यांनी झुकलेल्या कुंडीकडे एक नजर टाकली. "ही एकच? कडेला लागलेली आहे ना, मग वगळून टाक. मधल्या तिघी सुंदर उभ्या आहेत. त्यांचाच फोटो घेऊ."

"मॅडम, मधल्या तिघी उभ्या आहेत, कारण..."

"कारण जनुक आहे."

"आणि कारण त्यांच्या बाजूची कड अजून आहे."

मॅडम जरा समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, कडेची मेली तर मेली. ती त्यासाठीच असते."

तिने वाद घातला नाही. दक्षिणेची ओळ होती तशी नोंदीत आली पाहिजे, एवढं मात्र तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तिने मोबाईल काढला, दोन पावलं मागे सरकली, आणखी एक सरकली, बाकडं कडेसकट फोटोत येईपर्यंत. फोटो घेतला. नीट आलाय का ते बघायला उघडला, आणि बोट घसरून त्याच्या आधीचा फोटो समोर आला. बाराचा. घरून आला तसा, न कापलेला.

ती तो मिटणार होती. पण आताच ती कडा बघत होती, आणि डोळे तसेच राहिले होते.

पानाच्या उजव्या कडेला, टेबलावर, आत्यांचा स्टीलचा पेला होता. पाण्याने काठोकाठ भरलेला. त्याच्या शेजारी, वेष्टनात, सकाळची गोळी.

तिने बोटाने मागे सरकवत दहाचा फोटो उघडला. पेला तिथेच. काठोकाठ. गोळी तिथेच. आठचा. पेला, गोळी. पेला जराही हलला नव्हता.

ती परत बाराच्या फोटोवर आली. पानावर उन्हाचा पट्टा पडला होता. दहाच्या फोटोत तो आत्यांच्या अंगठ्यावर होता, आता पान भरून होता. शेवटची ओळ आखलेल्या रेघेवरून उतरत उतरत खालच्या ओळीत गेली होती. वेळेच्या रकान्यात आधी दूध लिहिलं होतं. ते खोडून पुन्हा दूधच लिहिलं होतं.

तिने फोन लावला. वाजत राहिला, थांबला. पुन्हा लावला. सहाव्या घंटेला उचलला गेला.

"आत्या?"

पंख्याचा आवाज. जवळच कुठेतरी बाळाचं 'बबबब' चाललेलं, मजेत.

"आत्या, मी बोलतेय. तुम्ही कशा आहात?"

बराच वेळ काही नाही. मग आत्यांचा आवाज आला, जड, जिभेवर काहीतरी ठेवून बोलल्यासारखा.

"शंभर," आत्या म्हणाल्या. "शंभर प्यायली."

"दुधाचं नाही विचारलं. तुम्ही. तुम्हाला कसं वाटतंय? पाणी प्यायलात का? उन्हातून उठा, आत्या. खुर्ची सोडा. ऐकताय का?"

"हो," आत्या म्हणाल्या. "रडली नाही." आणि फोन कशावर तरी पडल्याचा आवाज आला. बाळ त्या आवाजाला खिदळलं. पंखा फिरत राहिला.

ती ॲप्रनसकट दाराकडे निघाली. घर बसने चाळीस मिनिटांवर होतं.

"अगं, फोटो?" मॅडम म्हणाल्या.

"काकांना विचारा, ते दाखवतील. कडेसकट घ्या." मग दारातून वळून, "काका, एक काम करा. रुग्णवाहिकेला फोन लावा. माझा पत्ता नोंदवहीच्या पहिल्या पानावर आहे. उन्हाचा झटका म्हणून सांगा. बाई, अडुसष्ट वय."

माळीकाकांनी नळी खाली टाकली आणि ते वहीकडे गेले.

बाहेर ऊन पांढरं झालं होतं. फाटकापर्यंतचा रस्ता ती पळत गेली आणि पळता पळता अंगठ्याने लिहीत गेली. सवयीने अंगठ्याने आधी 'बाळ' लिहिलं. तिने ते खोडलं. पुन्हा लिहिलं गेलं, पुन्हा खोडलं. ती फाटकाच्या सावलीत उभी राहिली, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना पाठवलं:

'बाई, हे वाचलंत की लगेच किल्ली घेऊन वर जा. बाळ हसतंय, ते ठीक आहे, त्याच्याकडे नंतर बघा. खिडकीशी खुर्चीत आत्या बसल्या असतील. लांबून बघून परत येऊ नका, त्या बसलेल्याच दिसतील. जवळ जाऊन त्यांना हात लावून बघा.'